मोतीबिंदूचे झाले, आता पडद्याचेही बघू या

गेल्या १७ सप्टेंबरला शाळेत झेंडावंदन झाले, तेव्हा आमचे एक निवृत्त गुरुजी नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेत येऊन बसले होते. सरकारी पत्रिकेवर आता त्या दिवसाचे नाव ‘कल्याण कर्नाटक उत्सव’ असे छापलेले असते, पण गुरुजी अजून ‘हैदराबाद मुक्तिसंग्राम दिन’ असेच म्हणतात. कार्यक्रम संपल्यावर दहावीतला एक मुलगा त्यांच्या पाया पडायला वाकला. गुरुजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारले, “बाळ, तू कोणाचा रे?” तो मुलगा त्यांच्या शेजारच्या घरातला. रोज संध्याकाळी गुरुजींच्याच ओट्यावर बसून गणिते सोडवणारा. तो गोंधळून आमच्याकडे बघू लागला. गुरुजींना आवाजावरून ओळख पटली आणि त्यांनी हसून वेळ मारून नेली. पण जे पाहायचे ते आम्ही पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे-तिघे त्यांच्या घरी गेलो. हकीकत कळली ती अशी. गुरुजींना साखरेचा आजार होऊन सोळा वर्षे झाली. गोळी त्यांनी एक दिवस चुकवली नाही. सात-आठ वर्षांपूर्वी शिबिरात दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले, आत भिंग बसवले, आणि पेपरातली बारीक अक्षरेसुद्धा पुन्हा दिसू लागली. गेल्या दोन वर्षांत नजर परत अंधूक होऊ लागली, तेव्हा त्यांनी चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर बदलला. सहा महिन्यांनी पुन्हा बदलला. मग एका सकाळी डाव्या डोळ्यापुढे कोळिष्टक लोंबल्यासारखे काळे काही तरी दिसू लागले आणि दुपारपर्यंत तो डोळा काळवंडला. हैदराबादला नेले, तर तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, “आजोबा, बाहुलीत थेंब घालून पडदा शेवटचा कधी तपासला होता?” गुरुजी म्हणाले, “कधीच नाही. कुणी सांगितलेच नाही.”

सोळा वर्षे ज्या दवाखान्यातून गोळ्या घेतल्या तिथे कुणी सांगितले नाही. चष्म्याच्या दुकानात सांगितले नाही. आणि खरे बोलायचे तर शाळेतल्या आम्हां मंडळींनीही सांगितले नाही. दरवर्षी आरोग्य तपासणीच्या दिवशी भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावून आम्ही तीनशे मुलांचे चष्म्याचे नंबर लिहून घेतो आणि डोळ्यांचे काम झाले असे समजतो. हा लेख त्या चुकीबद्दल आहे.

आपल्या भागात डोळ्याचा आजार म्हणजे मोतीबिंदू, हे समीकरण पक्के बसले आहे, आणि त्यात वावगे काही नाही. देशात १९७६ साली अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून सरकारने आणि धर्मादाय संस्थांनी मोतीबिंदूवर केलेले काम मोठे आहे. भालकी-कमलनगरकडची किती तरी म्हातारी माणसे उदगीरच्या लायन्स नेत्र रुग्णालयात जाऊन डोळे उघडून आली आहेत. २०१५ ते २०१९ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांतील अंधत्वापैकी ६६ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळेच आढळले, म्हणजे ती शिबिरे अजूनही हवीतच. पण या यशामुळे एक गैरसमज घट्ट झाला आहे. एकदा ऑपरेशन झाले की डोळा कायमचा दुरुस्त झाला, असे लोक धरून चालतात. मोतीबिंदू हा डोळ्याच्या पुढच्या भिंगाचा आजार आहे. भिंग गढूळ झाले, बदलले, काम झाले. डोळ्याच्या मागच्या बाजूला जो पडदा आहे तो बदलता येत नाही. जगात कुठेही, कितीही पैसे मोजले तरी नाही.

विज्ञानाच्या पुस्तकात या पडद्याला ‘दृष्टिपटल’ म्हटले आहे, डॉक्टर ‘रेटिना’ म्हणतात. डोळ्याच्या आतल्या भिंतीला चिकटलेला हा एक पातळ थर. भिंगातून आलेला प्रकाश त्यावर पडतो आणि तिथून नसेवाटे निरोप मेंदूकडे जातो. या पडद्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या केसाहून बारीक असतात. विद्यार्थी मित्रांनो, बिदरजवळ नौबादला सुरंग बावी, म्हणजे बहामनी काळातला करेझ, तुमच्यापैकी पुष्कळांनी सहलीत पाहिला आहे. जमिनीखालून पाणी वाहून नेणारा बोगदा आणि त्यावर ठरावीक अंतरावर खणलेल्या उभ्या विहिरी. खाली पाणी वाहते की नाही, कुठे भिंत ढासळली आहे काय, हे त्या विहिरींतून डोकावून कळते. डोळ्याची बाहुली ही तशीच एक विहीर आहे. शरीर कुठेही न कापता आतल्या रक्तवाहिन्या प्रत्यक्ष पाहता येतील अशी माणसाच्या अंगावर हीच एक जागा. १८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने डोळ्यात डोकावण्याचे उपकरण जगापुढे मांडले, तेव्हापासून ही सोय डॉक्टरांच्या हाती आहे. थेंब घालून बाहुली मोठी करायची आणि आत पाहायचे, इतकेच.

रक्तात साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की या बारीक वाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. करेझची भिंत पाझरावी तशा त्या पाझरू लागतात. पाझरलेले पाणी पडद्याच्या मध्यभागी साचले की तिथे सूज येते. पुढे काही वाहिन्या बंद पडतात. रक्त न मिळालेला पडदा मग नव्या वाहिन्या उगवायला लावतो, आणि या नव्या वाहिन्या इतक्या ठिसूळ असतात की एखाद्या रात्री झोपेतही फुटतात. गुरुजींच्या डोळ्यापुढे लोंबलेले कोळिष्टक म्हणजे हेच रक्त होते. या आजाराला डायबेटिक रेटिनोपॅथी म्हणतात. आमच्या दृष्टीने सगळ्यात वाईट गोष्ट ही की यातली बहुतेक वाटचाल माणसाला न कळता होते. दुखत नाही, डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही. पडद्याच्या मध्यभागी सूज पोचेपर्यंत पेपरही वाचता येतो. ‘मला तर स्वच्छ दिसते’ हे वाक्य म्हणूनच पुरावा म्हणून धरता येत नाही.

पडद्याच्या मध्यभागी मॅक्युला नावाचा ठिपक्याएवढा भाग असतो. बिदरीच्या फुलदाणीवर नक्षी कोरून त्यात चांदीची तार ठोकणारा कारागीर जे काम करतो ते सारे या ठिपक्याच्या जोरावर. अक्षर वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे हेही तिथलेच काम. आजूबाजूचा पडदा आपल्याला चालता-फिरताना बाजूचे दाखवतो. म्हणून मॅक्युला गेलेला माणूस घरात बिनधास्त वावरतो, ठेच लागत नाही, आणि घरच्यांना वाटते की ‘आजोबांना दिसते सगळे, सोंग करतात’. असे बोललेले आम्ही आमच्या कानांनी ऐकले आहे.

आता थोडे गणित. याच २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांत साखरेच्या रुग्णांचे प्रमाण ११.८ टक्के आढळले. त्या रुग्णांपैकी १६.९ टक्के लोकांच्या पडद्यावर आजाराची खूण होती आणि ३.६ टक्के लोकांची नजर जाण्याच्या बेतात होती. आपल्या शाळेतल्या मुलांचे आजी-आजोबा, पन्नाशीपुढचे नातेवाईक मिळून एक हजार धरले, तर त्यांत ११८ साखरेचे रुग्ण, सुमारे २० जणांच्या पडद्यावर बिघाड, आणि चार जण अगदी काठावर. हे देशाच्या सरासरीचे गणित आहे, आपल्या गावचे कुणी मोजलेले नाही. पण या चारांपैकी एक आमच्या पहिल्या रांगेत बसलेला होता, हे आम्हांला माहीत आहे.

उपचार आहेत काय? आहेत, आणि ते नीट समजून घेतले पाहिजेत, कारण अर्धवट माहितीमुळे लोक मधेच सोडून देतात.

सगळ्यात जुना भरवशाचा उपाय लेझरचा. त्याची गोष्ट मुलांना आवडेल. ९ जुलै १९४५ रोजी युरोपात सूर्यग्रहण झाले. ते उघड्या डोळ्यांनी पाहून पडदा भाजून घेतलेले रुग्ण जर्मनीतल्या मायर-श्विकेराथ या तरुण डॉक्टरांकडे आले. त्यांच्या मनात आले, की प्रकाशाने पडद्यावर नको तिथे डाग पडतो, तर मग हवा तिथे मुद्दाम पाडून फाटलेला पडदा चिकटवता का येऊ नये? १९४९ साली त्यांनी रुग्णावर प्रकाशाचा असा पहिला उपचार केला. सुरुवातीला त्यासाठी आरशांनी खाली आणलेले सूर्याचे ऊनच वापरले होते. पुढे खास दिवे आले, मग लेझर आला. (आपल्याकडे मात्र २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणात कलबुर्गीजवळ ताजसुलतानपूरला अपंग मुलांना बरे होतील म्हणून गळ्यापर्यंत मातीत पुरले होते, ते अधिकाऱ्यांनी जाऊन सोडवले. ग्रहणाने अपंगत्व जात नाही. ग्रहणाकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिले तर पडदा मात्र खरोखर जळतो. २ ऑगस्ट २०२७ च्या संध्याकाळी आपल्याकडे खंडग्रास ग्रहण आहे, तेव्हा हे ध्यानात असू द्यावे.)

साखरेच्या रुग्णाला लेझर देतात तेव्हा पडद्याच्या कडेच्या भागावर शेकडो बारीक ठिपके देतात. कडेच्या उपाशी पडद्याची रक्ताची मागणी त्यामुळे थांबते आणि ठिसूळ वाहिन्या सुकतात. काठ देऊन मधला भाग राखायचा असा हा सौदा आहे. त्यामुळे रात्रीचे आणि बाजूचे दिसणे थोडे कमी होऊ शकते. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीने १९७६ सालीच दाखवून दिले की अशा लेझरने नजर पार जाण्याचा धोका निम्म्याहून खाली येतो. पण लेझर गेलेली नजर परत आणत नाही, उरलेली राखतो. ‘लेझर करून काय फरक पडला?’ असे विचारणाऱ्यांना आमचे उत्तर आहे, की फरक न पडणे, म्हणजे आणखी खाली न जाणे, हाच त्याचा फायदा.

मॅक्युलाला सूज आली असेल तर गेल्या वीस वर्षांत इंजेक्शनाचा उपाय रुळला आहे. डोळ्यात सुई म्हटले की अंगावर काटा येतो. प्रत्यक्षात थेंबांनी डोळा बधिर करून पांढऱ्या भागातून अगदी बारीक सुईने औषध आत सोडतात, आणि काम मिनिटाभरात होते. नव्या वाहिन्या उगवायला लावणारे आणि जुन्या पाझरायला लावणारे जे द्रव्य डोळ्यात तयार होते, त्याला हे औषध अडवते. बहुतेक वेळा सुरुवातीला दर महिन्याला आणि मग लांब अंतराने ही इंजेक्शने घ्यावी लागतात. एका इंजेक्शनात काम होत नाही. आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी एकच घेतले आणि ‘गुण नाही’ म्हणून सोडले. पुढे त्यांची नजर बोटे मोजण्यापुरती राहिली.

औषधाच्या खर्चाबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. रॅनिबिझुमॅब हे औषध २००६ साली अमेरिकेत मंजूर झाले आणि महागच होते. त्याची भारतात तयार झालेली स्वस्त आवृत्ती २०१५ साली आली. बेव्हॅसिझुमॅब हे मुळात आतड्याच्या कॅन्सरचे औषध. २००५ पासून डॉक्टर ते डोळ्यासाठी थोड्या मात्रेत वापरू लागले, कारण ते पुष्कळ स्वस्त पडते. मात्र मोठ्या बाटलीतून छोट्या मात्रा काढताना स्वच्छतेत कसूर झाली तर डोळ्यात जंतुसंसर्ग होतो. २०१६ साली केंद्रीय औषध नियंत्रकांनी याच काळजीने त्याचा डोळ्यातला वापर काही आठवडे थांबवला होता, नंतर ती बंदी उठली. म्हणून ‘कोणते औषध, किती वेळा, एकूण खर्च किती’ हे पहिल्याच भेटीत विचारावे. विचारण्यात संकोच नको. चांगले डॉक्टर न रागावता सांगतात.

रक्त साचले आणि निवळले नाही, किंवा पडदा ओढला जाऊन सुटला, तर ऑपरेशन करतात. डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढून आतून पडदा जागेवर बसवतात आणि तो टिकावा म्हणून वायू किंवा सिलिकॉनचे तेल भरतात. अमेरिकेत रॉबर्ट माखेमर यांनी १९७० च्या सुमारास ही पद्धत रूढ केली. वायू भरला तर पुष्कळदा काही दिवस मान खाली घालून राहावे लागते आणि वायू विरेपर्यंत विमानात बसता येत नाही. गुरुजींच्या डाव्या डोळ्याचे हे ऑपरेशन झाले. आठ दिवस ते पाटावर उशी ठेवून पालथे पडून होते. पडदा बसला, पण नजर उजेड-अंधार कळण्यापलीकडे आली नाही. उशीर झाला होता. उजव्या डोळ्याला लेझर आणि पाच इंजेक्शने झाली, त्याच्यावर सध्या त्यांचे चालले आहे.

साखर नसलेल्यांचाही पडदा सुटतो हे इथेच सांगून ठेवतो. जाड उणे नंबराचा चष्मा असलेली मुले, डोळ्याला मार लागलेले, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले यांना धोका अधिक. डोळ्यात अचानक वीज चमकल्यासारखे होणे, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडणे, एका बाजूने सावली वर चढत येणे, यांपैकी काही झाले तर उद्यावर टाकू नये, त्याच दिवशी निघावे. मॅक्युला सुटायच्या आधी पोचलेला आणि नंतर पोचलेला यांच्या नजरेत जन्मभराचा फरक राहतो. खेळाच्या मैदानावर चेंडू डोळ्याला लागला आणि मुलगा असे काही सांगू लागला तर क्रीडा शिक्षकांनीही हे लक्षात घ्यावे.

म्हातारपणी मॅक्युला झिजण्याचा आजार वेगळा. त्यात सरळ रेषा वाकड्या दिसू लागतात. याची परीक्षा घरी करता येते. गणिताची चौकटीची वही घ्यावी, मध्यभागी एक ठिपका काढावा, आजीला वाचायचा चष्मा लावून एक डोळा झाकून त्या ठिपक्याकडे पाहायला सांगावे. मग दुसरा डोळा. चौकटी कुठे वाकलेल्या किंवा पुसलेल्या दिसल्या तर डॉक्टरांकडे जावे. पाचवीतल्या पोरालाही हे जमते. या आजाराच्या एका प्रकारात वर सांगितलेलीच इंजेक्शने उपयोगी पडतात, दुसऱ्या प्रकारात अजून फारसे हाती नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना हा आजार अधिक होतो, हे मात्र सिद्ध झालेले आहे.

एक नाजूक विषय टाळून पुढे जाता येत नाही. रातांधळेपणापासून सुरू होऊन हळूहळू बाजूची नजर आवळत नेणारा ‘रेटिनायटिस पिगमेंटोसा’ नावाचा आनुवंशिक आजार आहे. नागपूरजवळच्या खेड्यांत झालेल्या पाहणीत साडेसातशे माणसांत एकाला तो आढळला. आई आणि वडील दोघांकडून तोच दोष आला तर पुष्कळदा हा आजार उमटतो, आणि लग्न रक्ताच्या नात्यात झाले की तसे होण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न आहे, आणि कानडी मुलखाच्या शेजाराने मामा-भाचीचेही आहे. ज्या घरात आधीच कुणाला असा रातांधळेपणा आहे, त्या घराने निदान पुन्हा नात्यात सोयरीक करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. काही वडीलधाऱ्यांना हे रुचणार नाही याची आम्हांला कल्पना आहे. रातांधळेपणा ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही होतो आणि तो बरा होतो, म्हणून घाबरण्याआधी तपासणी करावी. रेटिनायटिसवर आज सर्रास लागू पडेल असा इलाज नाही. जाहिरातीतल्या थेंबांवर आणि जडीबुटीवर त्यासाठी शेत विकू नये.

पडद्याची तपासणी आपल्यासारख्या कोपऱ्यातल्या भागात होणारच नाही असे म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण जवळचेच आहे. वेळेआधी जन्मलेल्या, कमी वजनाच्या बाळांच्या पडद्यात वाहिन्यांची वाढ अपुरी राहते आणि काही बाळांत पडदा सुटून जन्मभराचे अंधत्व येते. अशा बाळाची तपासणी जन्मानंतर तीस दिवसांच्या आत झाली पाहिजे, फार लहान बाळाची त्याहूनही आधी. तज्ज्ञ डॉक्टर बेंगळूरला, बाळे जिल्ह्यांच्या ठिकाणी. २००८ साली बेंगळूरच्या नारायण नेत्रालयाने ‘किड्रॉप’ नावाचा उपक्रम सुरू केला. शिकवून तयार केलेले तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन गावोगावच्या नवजात विभागांत जातात, बाळाच्या पडद्याचे फोटो काढतात आणि इंटरनेटने तज्ज्ञांकडे पाठवतात. पुढे सरकारच्या साहाय्याने हे काम उत्तर कर्नाटकातल्या मागास जिल्ह्यांपर्यंत आले. दीड किलोच्या तान्ह्या बाळाच्या पडद्याचा फोटो निघतो, तर खुर्चीवर शांत बसलेल्या आजोबांच्या पडद्याचा फोटो शाळेच्या सभागृहात का निघू नये?

आमची मागणी हीच आहे. विश्वस्त मंडळाने यंदाच्या आरोग्य तपासणीला फिरता फंडस कॅमेरा आणवावा आणि तो दिवस मुलांबरोबर त्यांच्या आजी-आजोबांसाठीही ठेवावा. ‘शाळेचे काम शिकवण्याचे, दवाखाना चालवण्याचे नव्हे,’ असे एक विश्वस्त आम्हांला म्हणाले. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही, आणि शिल्लक किती आहे ते आम्हांलाही दिसते. पण मोतीबिंदूच्या शिबिरासाठी आपण याच सभागृहात मांडव घातले होते. शिवाय घरातले म्हातारे माणूस आंधळे झाले की त्याचा हात धरायला शाळेतून कोणाला काढतात? नातीला. आमच्या हजेरीपटावर अशी नावे आहेत.

तपासणीत दोष निघाला तर पुढे कुठे, हा खरा प्रश्न. आधी बिदरला ब्रिम्स किंवा कलबुर्गीला जिम्स यांच्या नेत्र विभागात दाखवावे. २०१७ पासून बिदर-कलबुर्गी रेल्वे झाल्याने तो प्रवासही सोपा झाला आहे. ‘आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक’ कार्डावर मोठ्या उपचारासाठी एरवी सरकारी रुग्णालयाचे शिफारसपत्र लागते. ते न घेता थेट गेलेल्यांना खिशातून पैसे भरावे लागले आहेत. हैदराबादला सरोजिनी देवी हे सरकारी नेत्र रुग्णालय आहे, एल. व्ही. प्रसाद संस्था आहे. आळंदकडच्या लोकांना सोलापूर जवळ पडते. महाराष्ट्र सरकारने २०२३ साली सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला, त्यात आपल्या दोन्ही जिल्ह्यांतली गावे आहेत. कर्नाटक सरकारने त्याला हरकत घेतली. त्या राजकारणात आम्ही शिरत नाही. कार्ड कुठे चालते हे निघण्याआधी त्या रुग्णालयात फोन करून विचारावे, एवढेच सांगतो. दोन राज्यांच्या मधे उभ्या असलेल्या रुग्णाला कोणत्याच राज्याची खिडकी उघडी मिळाली नाही, असे इथे व्हायला वेळ लागत नाही.

सोबतीचा प्रश्नही आहे. बाहुलीत थेंब घातले की तीन-चार तास जवळचे अंधूक दिसते, ऊन खुपते, मोटारसायकल चालवता येत नाही. इंजेक्शनासाठी महिन्या-महिन्याला जायचे तर प्रत्येक वेळी मुलाला रजा मिळत नाही. आपले कितीतरी माजी विद्यार्थी हैदराबाद, पुणे, सोलापूरला नोकरीला आहेत. त्यांच्यापैकी कोणी बसस्थानकावर उतरवून घ्यायला, रुग्णालयात एक दिवस बसायला तयार असेल तर नाव कळवावे. आम्ही यादी करणार आहोत.

साखर असलेल्या प्रत्येकाने निदान झाल्याबरोबर एकदा आणि मग दरवर्षी पडदा तपासावा. लहानपणापासून इन्सुलिन घेणाऱ्यांनी पाच वर्षांनंतर दरवर्षी. साखर असलेल्या बाईने गरोदर राहिल्यावर पहिल्या तीन महिन्यांत. तीन महिन्यांची सरासरी साखर आणि रक्तदाब दोन्ही आटोक्यात हवेत, एकच धरून भागत नाही.

या अंकासोबत एक छोटी चिठ्ठी दिली आहे. घरात साखर कोणाला आहे, किती वर्षांपासून आहे, आणि थेंब घालून पडदा शेवटचा कधी तपासला, एवढे तीनच रकाने आहेत. मुलांनी घरी विचारून त्या भराव्यात, तिसऱ्या रकान्यात ‘कधीच नाही’ असेल तर तसेच लिहावे, आणि महिनाअखेरपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्याव्यात. पहिली चिठ्ठी गुरुजींची आली आहे. ती त्यांनी शेजारच्या त्या दहावीतल्या मुलाकडून लिहून घेतली आणि खाली सही मात्र स्वतः केली. सही ओळीच्या बरीच खाली गेली आहे.